बायोस अपडेटनंतर विंडोज येईपर्यंत पडदा काळा: बोर्ड बदलण्याआधी हे करून बघा

प्रश्न इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा आहे. त्या घरीच लग्नपत्रिका, निमंत्रणं, स्मरणिका यांचं डीटीपी करतात. त्यांनी विचारलेलं थोडक्यात असं: विंडोज 10 ला 14 ऑक्टोबर 2025 नंतर फुकट अपडेट मिळणं बंद झालं, म्हणून मुलाने विंडोज 11 टाकायचं ठरवलं आणि आधी मदरबोर्डचं बायोस, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी धावणारा बोर्डावरचा प्रोग्राम, अपडेट केलं. अपडेट नीट पार पडलं. पण तेव्हापासून कॉम्प्युटर चालू केला की पडदा काळा. बोर्डाचा लोगो नाही, एक अक्षर नाही. मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो आणि पाऊण मिनिटाने एकदम विंडोजचा पासवर्ड मागणारा पडदा उगवतो. त्यापुढे सगळं सुरळीत. बायोस उघडायला म्हणून डिलीट दाबत राहिलं तर मात्र विंडोजही येत नाही, शेवटी बटण दाबून धरून बंद करावं लागतं. प्रोसेसर रायझन 5 3600, सात-आठ वर्षांचं जुनं ग्राफिक्स कार्ड, गेल्या वर्षी घेतलेला 27 इंची मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर. शिवाय गिऱ्हाइकांना पत्रिकेचा नमुना दाखवायला भिंतीवर टीव्ही आहे, तो एचडीएमआयने त्याच कार्डाला जोडलेला. दुकानदार बघून म्हणाला, “बोर्ड गया, बदलवा लो.”

ताई, बोर्ड गेलेला नाही. गेला असता तर गाडी विंडोजपर्यंत पोहोचलीच नसती. आणि तुम्हाला जिची सगळ्यात जास्त धास्ती बसली आहे, ती डिलीटवाली गोष्ट मला सगळ्यात चांगली खूण वाटते. डिलीट दाबलं की बायोस उघडतं, आणि बायोस उघडलेलं असताना विंडोज यायचंच नसतं. म्हणजे तुम्ही दर वेळी बरोबर बायोसच्या खोलीत जाऊन उभ्या राहताय, फक्त तिथे अंधार आहे. दुकानदाराने त्यालाच ‘हँग’ म्हटलं. खात्री करून घ्या: डिलीट दाबून पडदा काळा राहिला की मिनिटभर थांबा, मग कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरची बत्ती लागते-विझते का? तसं असेल तर मशीन जागं आहे. आता कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबा. मशीन रीस्टार्ट होऊन, या वेळी काही न दाबता, विंडोज आलं तर ते बायोसच होतं. पॉवरचं बटण दाबून धरायची गरज नाही.

मग चित्र कुठे गेलं? इथे जरा आतलं सांगावं लागेल, कारण हे कळलं की पुढचे सगळे उपाय तुमचे तुम्हालाच सुचतील.

चालू केल्यापासून विंडोज येईपर्यंत पडद्यावर चित्र काढणारा एक असतो आणि विंडोज आल्यावर दुसरा. दुसरा म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. तो शेकडो एमबीचा, सगळी पोर्टं ओळखणारा, दोन-तीन मॉनिटर एकदम सांभाळणारा. पहिला मात्र ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या चिपमध्ये बसलेला एक छोटासा प्रोग्राम असतो. बोर्डाचं फर्मवेअर, म्हणजे बायोसच, त्याला उठवतं आणि सांगतं, एखादा पडदा शोध, त्यावर साधं चित्र काढ. या छोट्या प्रोग्रामच्या दोन जाती आहेत. जुनी जात 1981 च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या बायोसच्या पद्धतीने बोलते. नवी यूईएफआयच्या, म्हणजे बायोसच्या नव्या अवताराच्या, पद्धतीने बोलते, तिला जीओपी म्हणतात. बऱ्याच कार्डांत दोन्ही असतात. कुठली उठवायची ते बोर्डाच्या सेटिंगमधलं सीएसएम ठरवतं. सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीसाठी ठेवलेली सोय.

बायोस अपडेट झालं की बहुतेक बोर्डांवर सेटिंग सगळी मूळपदावर जातात, आणि नव्या बायोसचं ‘मूळपद’ जुन्यासारखंच असेल असं नाही. विंडोज 11 ला सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) जमणारं यूईएफआय आणि टीपीएम 2.0 (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) लागतं, त्यामुळे कंपन्यांनी नव्या आवृत्त्यांत टीपीएम चालू आणि सीएसएम बंद असं करून टाकलं. तुमच्याकडे तेच झालं असावं. काल-परवापर्यंत लोगो जुनी जात काढत होती, आता काम नव्या जातीकडे आलं. दोघींची पडदा निवडायची तऱ्हा वेगळी असू शकते. जुनी दोन्हीकडे चित्र पाठवत असेल, नवी एकच निवडते.

तिने तुमचा टीव्ही निवडला असेल, असा माझा पहिला संशय.

तुम्ही म्हणाल, टीव्ही तर बंद असतो. रिमोटने बंद असतो हो, पण केबल लागलेलीच असते ना? एचडीएमआयच्या केबलमध्ये 19 पिना असतात. त्यातल्या 18 व्या पिनवरून कॉम्प्युटरच टीव्हीकडे 5 व्होल्ट पाठवतो. तेवढ्या विजेवर टीव्हीमधली एक बारीकशी चिप जागी होते. आपण कोण, किती इंची, कुठलं रेझोल्युशन चालतं ही जन्मपत्रिका ती चिप परत पाठवते. 19 वी पिन ‘मी इथे आहे’ एवढंच कळवते. टीव्ही झोपलेला असला तरी पुष्कळ टीव्हींत हे चालू राहतं. कार्डाच्या दृष्टीने तो हजर. आणि डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर त्याच वेळी गाढ झोपेत असतो, उठायला तीन-चार सेकंद घेतो. हजेरी घेणाऱ्याला जो आधी ‘हजर’ म्हणाला तो मिळाला.

माझ्या बाबतीत असं एकदा झालंय की अजून हसू येतं. एका सीएंच्या ऑफिसातून फोन आला, अगदी हीच तक्रार, बायोस अपडेटनंतर लोगो नाही. मी गेलो, रॅम काढून घासली, बोर्डावरचा गोल सेल बदलला, कार्ड दुसऱ्या खाचेत टाकून पाहिलं, तास घालवला. चहा घेऊन आलेला पोरगा म्हणाला, “भिया, अंदर मीटिंग वाले कमरे में कुछ नीला-नीला आ रहा है.” कार्डातून निघालेली एक लांबलचक एचडीएमआय भिंतीतून पलीकडच्या खोलीतल्या प्रोजेक्टरला गेली होती. प्रोजेक्टर सकाळपासून चालू राहिलेला, आणि तासभर माझं सगळं बायोस तिथल्या रिकाम्या खुर्च्यांना दिसत होतं. तेव्हापासून मी पेचकस हातात घेण्याआधी मशीनच्या मागे जाऊन केबली मोजतो.

तर पहिली चाचणी: टीव्हीची केबल कार्डाच्या बाजूने पूर्ण उपसून काढा. रिमोटने बंद करून उपयोग नाही. मॉनिटर आधी चालू करा, त्याचा दिवा स्थिर होऊ द्या, मग कॉम्प्युटर चालू करा. हे करताना शट डाउन करून परत चालू करण्यापेक्षा विंडोजमधून रीस्टार्ट केलेलं बरं. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन म्हणजे अर्धवट झोपच असते, रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

लोगो दिसला तर रोग सापडला. टीव्ही नंतर लावायचा झाला तर पोर्टांची अदलाबदल करून पाहा, पुष्कळदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर टीव्हीच्या केबलीला मधे एक साधा स्विच लावता येतो. किंवा गिऱ्हाईक आल्यावरच केबल लावायची. तुमच्या कामाला मला हेच सोपं वाटतं.

टीव्ही काढूनही काळंच राहिलं तर दुसरी चाचणी: मॉनिटरला डिस्प्लेपोर्टऐवजी एचडीएमआय लावा. टीव्हीचीच केबल वापरा, वेगळी आणायला नको. कार्डालाच लावा हं. मागच्या बाजूला यूएसबीच्या खोक्यांजवळ बोर्डाचं स्वतःचंही एक एचडीएमआय असतं, हात पटकन तिथे जातो. तुमच्या 3600 मध्ये ग्राफिक्स नाहीच, त्यामुळे त्या खोक्यातून काहीही निघणार नाही.

एचडीएमआयवर लोगो आला आणि डिस्प्लेपोर्टवर येत नाही, असं झालं तर ते तुमच्या कार्डाच्या वयाशी जुळतं. एनव्हिडियाने 2018 मध्ये एक छोटं टूल काढलं होतं, मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्यांच्या कार्डांसाठी, म्हणजे ढोबळमानाने जीटीएक्स 900 आणि 1000 मालिका. डिस्प्लेपोर्ट 1.3 किंवा 1.4 चा मॉनिटर लावला की या कार्डांवर विंडोज येईपर्यंत पडदा काळा राहायचा, कधी मशीन तिथेच अडकायचं. टूल कार्डाच्या चिपमधला तोच छोटा प्रोग्राम दुरुस्त करतं. तुमचं कार्ड या पिढीतलं असेल तर तुमची गोष्ट जवळजवळ जुळते: कार्ड 2018 च्या आसपासचं, मॉनिटर गेल्या वर्षीचा, आणि मधे बायोस बदलल्यामुळे झाकलेली गोष्ट उघडी पडली. टूल एनव्हिडियाच्या साइटवरूनच घ्या. ते आधी तपासतं की कार्डाला याची गरज आहे की नाही, नसेल तर स्वतःच तसं सांगून थांबतं. चालवताना बाकी सगळे प्रोग्राम बंद, आणि यूपीएसची बॅटरी शाबूत पाहिजे. बायोस अपडेटला जी काळजी घेतो तीच. कार्ड एएमडीचं असेल तर हे टूल तुमच्यासाठी नाही. मग मॉनिटरच्या मेनूत जाऊन डिस्प्लेपोर्टची आवृत्ती 1.4 वरून 1.2 करून बघा. ही सोय सगळ्या मॉनिटरांत नसते, पण महागातल्यांत बहुधा असते. त्याच मेनूत ‘डीप स्लीप’ असं काही दिसलं तर तेही बंद करा, आणि इनपुट ‘ऑटो’वर न ठेवता ‘डिस्प्लेपोर्ट’वर कायम करा. ‘ऑटो’तला मॉनिटर एकेक खोकं तपासत बसतो, त्याची फेरी पूर्ण होईपर्यंत इकडे लोगो येऊन गेलेला असतो.

कुठल्याही एका पडद्यावर बायोस दिसायला लागलं की आत जाऊन चार गोष्टी बघायच्या. डिलीट वेळेवर दाबणं जमत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. निळा मेनू येतो, त्यात ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. मशीन थेट बायोसमध्ये उघडतं.

पण आत काही बदलण्याआधी मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढा. मी अजूनही काढतो.

‘फास्ट बूट’ बंद करा. तो चालू असताना बोर्ड इतक्या घाईत पुढे जातो की मॉनिटर उठेपर्यंत लोगोची वेळ टळून गेलेली असते. कधी कीबोर्डही जागा झालेला नसतो. काही बोर्डांत लोगो किती सेकंद ठेवायचा याचंही सेटिंग असतं, ते पाचवर न्या. ‘प्रायमरी डिस्प्ले’ किंवा ‘इनिशियल डिस्प्ले आउटपुट’ असं काही असेल तर ‘ऑटो’ काढून पीसीआयई किंवा पीईजी करा, म्हणजे कार्ड. फुल स्क्रीन लोगो बंद केलात तर लोगोऐवजी अक्षरं दिसतील. ती दिसायला रुक्ष, पण माझ्यासारख्याला लोगोपेक्षा लाखमोलाची.

आता सीएसएम. कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की सीएसएम चालू करा, सगळं ठीक होईल. होईलही. पण सीएसएम चालू केलं की सिक्युअर बूट बंद पडतं, आणि ज्या विंडोज 11 साठी हा सगळा खटाटोप केला तिथेच खोडा. तुमचं विंडोज आत्ता सीएसएमशिवाय उघडतंय, म्हणजे डिस्क नव्या पद्धतीनेच मांडलेली आहे. तशीच राहू द्या. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा, ‘बायोस मोड’समोर यूईएफआय दिसेल. लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, दिसलं तर मला आधी कळवा, कारण मग माझा वरचा हिशोब चुकलेला असेल. सीएसएमची खरी गरज 2012 च्या आधीच्या कार्डांना असते, कारण त्यांच्यातल्या पुष्कळांमध्ये ती नवी जात नाहीच. तसलं कार्ड असेल तर सीएसएम बंद झाल्यावर लोगो येणार नाही हे धरूनच चाला, आणि चार पैसे साठवून कार्ड बदला. तुमचं तसं नाही.

साटा मोड, रेड, ए-एच-सी-आय या नावांच्या कशालाही हात लावू नका. अपडेटआधी तिथे काय होतं ते माहीत नसताना बदललंत तर विंडोज उघडायचं थांबेल आणि तुम्हाला वाटेल आणखी काही बिघडलं. रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग, तेही अपडेटनंतर उतरलेलं असेल. तो वेग परत चढवायचा मोह होईल, पण आठ दिवस जाऊ द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाने काय झालं ते कळतं.

एक सावधगिरी, आणि ही मी दर वेळी सांगतो कारण दर वेळी कोणीतरी फसतं. बायोस अपडेटने किंवा टीपीएमच्या सेटिंगला हात लावल्याने डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर जागं होऊन 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं. नव्या लॅपटॉपांत ते मालकाला न कळता चालू असतं. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून आजच त्या खात्यात जाऊन ती कागदावर उतरवा, म्हणजे पत्रिकांच्या फायली हवाली करायच्या दिवशी धावपळ नको.

आता ज्यांच्याकडे विंडोजही येत नाही, पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो, त्यांच्यासाठी. ताई, हे तुमचं नाही, पण तुमच्या मुलाच्या मित्रांपैकी कोणाचं तरी असेल.

पहिलं औषध म्हणजे थांबणं. अपडेटनंतर बोर्ड रॅमची ओळख नव्याने करून घेतो. डीडीआर5 या नव्या रॅममध्ये, विशेषतः 2022 पासून आलेल्या एएमडीच्या एएम5 बोर्डांवर, यात काही मिनिटं सहज जातात, रॅम जास्त असेल तर आणखी. तेवढा वेळ पडदा ठार काळा. मधेच स्वतःहून एकदोनदा बंद-चालूही होतं. माणूस घाबरून बटण दाबतो आणि ओळखपरेड पहिल्यापासून सुरू. असे तीन दिवस काढलेला एक विद्यार्थी मशीन खांद्यावर घेऊन माझ्याकडे आला होता. मी ते टेबलावर लावलं, चालू केलं आणि त्याला म्हटलं, चल, खाली पोहे खाऊन येऊ. वर जिरावण-शेव टाकून दोन प्लेट झाल्या, परत आलो तर विंडोज उघडलेलं. पैसे काय घेणार, पोह्यांचे त्याने दिले. पंधरा मिनिटं घड्याळ लावून थांबा, त्याआधी कशालाही हात नको.

दुसरं, पडद्यावर प्रश्न विचारलेला असू शकतो आणि तो तुम्हाला दिसत नसतो. रायझनच्या बोर्डांवर अपडेटनंतर कधी कधी एक मजकूर येतो: टीपीएमची साठवण बदललीय, वाय दाबा म्हणजे नव्याने करतो, एन दाबा म्हणजे जुनीच ठेवतो. सेल काढून लावल्यावरही ‘एफ1 दाबा’ असा मजकूर येतो. मशीन तिथे तासन् तास उत्तराची वाट बघत बसतं. म्हणून काळ्या पडद्यावर आधी दुसरी केबल, दुसरा मॉनिटर, शेजाऱ्यांचा टीव्ही, काय मिळेल ते लावून बघा. आंधळेपणाने वाय मात्र दाबू नका, बिटलॉकर चालू असेल तर 48 अंकांची गाठ तिथेच पडते.

मग बोर्डावरचे चार बारीक दिवे: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. कुठला लागून राहिला ते बघा. डीरॅमवर अडकलं तर रॅमची एकच पट्टी ठेवून बघायचं. व्हीजीएवर अडकलं तर कार्ड, त्याची पॉवरची केबल आणि वर सांगितलेलं सीएसएम. बूटचा दिवा लागला तर चित्राचं सोडा, मशीन डिस्क शोधतंय. जुन्या बोर्डांत दिव्यांऐवजी स्पीकरची शिटी असते. एक लांब आणि मागोमाग दोन किंवा तीन आखूड, असं ऐकू आलं की बहुधा ग्राफिक्सचीच तक्रार.

सेटिंग पुसायची असतील तर प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, मग गोल सेल काढा, सीआर2032 लिहिलेला असतो. पाच मिनिटांनी परत लावा. काढलाच आहे तर मल्टिमीटरने मोजा. नवा 3 व्होल्टच्या वर दाखवतो. 2.7 वगैरे दिसला तर तो निम्म्या भुताटकीचं कारण असतो, नवा टाका.

काही वेळा मात्र अपडेटनेच प्रोसेसरला घराबाहेर काढलेलं असतं. हे ए320, बी350, बी450 या एएमडीच्या स्वस्त बोर्डांवर झालंय. बायोस ज्या आठ पायांच्या चिपमध्ये राहतं ती यातल्या पुष्कळ बोर्डांवर 16 एमबीची होती. रायझनच्या नव्या पिढ्यांची माहिती कोंबायला जागा पुरेना, म्हणून कंपन्यांनी जुन्या ब्रिस्टल रिज प्रोसेसरांची, ए8-9600 वगैरेंची, माहिती काढून टाकली. डाउनलोडच्या पानावर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असायचं, वाचतो कोण? ए8 लावलेल्या मशीनवर ते बायोस चढवलं की पडदा कायमचा काळा. बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, पण ओळखच पुसलेली. त्यावर उपाय दोनच, जुनं बायोस परत चढवणं किंवा कोणाचा तरी नवा रायझन लावणं.

परत चढवायला बऱ्याच बोर्डांवर फ्लॅशबॅकचं बटण असतं. त्याला पडदा, रॅम, प्रोसेसर काही लागत नाही. एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह, त्यात बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेल्या नावाने बायोसची फाइल, खूण केलेल्या यूएसबी खोक्यात लावायचा आणि बटण. नाव एका अक्षराने चुकलं तरी दिवा दोनदा लुकलुकून गप्प बसतो. माझ्याकडे येणाऱ्या ‘फ्लॅशबॅक होत नाही’ या तक्रारींत फाइलचं नाव चुकलेलंच जास्त असतं.

ते बटण नसेल तर चिप प्रोग्रॅमर नावाच्या यंत्रावर लावून लिहावी लागते, आणि ते घरी करू नका. सीएच341ए नावाचा प्रोग्रॅमर ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो आणि व्हिडिओ बघून पोरं आणतात. त्याची काळी आवृत्ती डेटाच्या पिनांवर 5 व्होल्ट देते, चिप 3.3 ची असते, आणि काही लॅपटॉपांत तर 1.8 ची असते. माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीला एका लॅपटॉपची चिप मी आधी वाचून न ठेवता थेट साइटवरची फाइल लिहून टाकली. लॅपटॉप चालू झाला, मी खूश. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं: सिरियल नंबर रिकामा, विंडोज म्हणतंय अ‍ॅक्टिव्हेट करा. कंपनीने दिलेली विंडोजची की आणि मशीनचा नंबर त्याच चिपमध्ये असतात, आणि मी ते पुसले होते. विंडोज माझ्या खिशातून घेऊन दिलं. तेव्हापासून आधी दोनदा वाचतो, दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या तरच लिहायला घेतो.

हे चिपचं काम मी शिकलो तेही एका काळ्या पडद्यामुळेच. 26 एप्रिल 1999 ला सीआयएच व्हायरस फुटला, तो हार्ड डिस्कची सुरुवात पुसायचा आणि जमलं तर बायोसची चिपही. दुकानात मशीनची रांग लागली. प्रोग्रॅमर कोणाकडे होता? ज्यांच्याकडे मी काम शिकत होतो त्या उस्तादांनी त्याच मॉडेलचा चांगला बोर्ड घेतला, डॉसमध्ये चालू केला आणि चालू मशीनमधून त्याची बायोस चिप वाकवलेल्या तारेने अलगद उपसली. तिच्या जागी मेलेली चिप दाबून बसवली आणि फ्लॅशचा प्रोग्राम चालवला. बायोस तोवर रॅममध्ये उतरलेलं असतं म्हणून हे जमायचं. मी टॉर्च धरून उभा होतो आणि माझा हात त्यांच्या हातापेक्षा जास्त थरथरत होता.

लॅपटॉपचं लवकर आटोपतो. अपडेटनंतर पडदा काळा असेल तर अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पडद्यात काही पुसट दिसतं का बघा. दिसलं तर चित्र आहे, मागचा उजेड नाही. चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. एचपीमध्ये विंडोज आणि बी ही बटणं दाबून धरून पॉवर दिली की बायोस स्वतःची जुनी प्रत शोधतं. डेलमध्ये कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर लावायचा. त्यानेही नाही उठलं तर आणा.

ताई, शेवटचा तुमचा प्रश्न, जुनं बायोस परत टाकू का? नको. पुष्कळ बोर्ड मागे जाऊच देत नाहीत, आणि जाऊ दिलं तरी मी जाणार नाही. डिसेंबर 2023 मध्ये लोगोफेल नावाने सुरक्षेतलं एक भोक उघड झालं. चालू होताना लोगोचं चित्र उघडून दाखवणाऱ्या फर्मवेअरच्या त्याच भागातून, खास बनवलेला लोगो घालून मशीनचा ताबा घेता येत होता. ती भोकं नव्या आवृत्त्यांत बुजवली गेली. विंडोज तर तुमचं चालतंय, आणि एका लोगोसाठी ते भोक परत उघडायचं नाही.

आज संध्याकाळी काम आवरलं की एवढंच करा: टीव्हीची केबल उपसा, मॉनिटर चालू करा, रीस्टार्ट द्या आणि डिलीट दाबा. नाही दिसलं तर तीच केबल मॉनिटरला लावून परत. दोन्ही वेळचा पडद्याचा फोटो आणि मशीनच्या मागच्या केबलींचा एक फोटो पाठवा. कार्डाचं नाव विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्सखाली दिसेल, तेही लिहा. दुकानदाराला तोवर बोर्डाचा अ‍ॅडव्हान्स देऊ नका.